पेट्रोलचा काटा चुकतोय: मल्टीमीटर, स्कॅनर की थेट नवीन टँक युनिट?

टाकी फुल केली तरी काटा अर्ध्यावर. किंवा सकाळी पाऊण टाकी दिसत होती आणि वीस किलोमीटरवर रिझर्व्हचा दिवा लागला. गॅरेजमध्ये याला बहुधा एकच उत्तर मिळतं: 'सेन्सर गेलाय, बदलून टाकू.' आमच्या जुन्या हॅचबॅकला असंच नवीन युनिट बसवलं. आठवड्याच्या आत काटा पुन्हा खाली. दोष निघाला अर्थच्या वायरीत. मागच्या सीटजवळ तिचं टोक हिरवं पडलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो, आधी मोजा, मग बदला.

मोजायचं काय, ते आधी. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, एका दांडीवर असतो आणि दांडी रेझिस्टन्सच्या पट्टीवर एक कॉन्टॅक्ट सरकवते. हे सगळं मिळून टँक युनिट, म्हणजेच सेन्सर. पातळी बदलली की ओहम (रेझिस्टन्सचं माप) बदलतात आणि त्यावरून काटा हलतो. पुष्कळ जपानी घडणीच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला शंभरच्या आसपास ओहम आणि भरलेल्या टाकीला फार थोडे. बाहेरून बसवायच्या अमेरिकी मीटरांत बऱ्याचदा रिकामीला 240, भरलेलीला 33. युरोपातल्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या प्रकारात उलट क्रम: रिकामीला 10, भरलेलीला 180. म्हणून आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे हाताशी हवेत. ते नसतील तर मल्टीमीटरवर, म्हणजे ओहम मोजायच्या यंत्रावर, 60 दिसले काय नि 90 काय, अर्थ लागत नाही.

माझा कौल मल्टीमीटरला. साधा मल्टीमीटर 500 रुपयांच्या आत येतो आणि दोष टाकीत, वायरीत की डॅशच्या मीटरमध्ये, हे तिन्ही वेगळे करून दाखवतो. टाकी न उघडताच निम्मं काम होतं. टँक युनिटचा कपलर (वायरींचा जोड) काढा आणि युनिटच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. पंप आणि सेन्सर एकाच कपलरवर असतील तर वायरिंगचा नकाशा बघून सेन्सरच्याच पिना धरा. मग गाडीकडून येणाऱ्या बाजूला, सेन्सरच्या जागी, अर्ध्या टाकीइतक्या ओहमचा रेझिस्टर लावून इग्निशन ऑन करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. गचक्यांनी नाचू नये म्हणून काटा मुद्दामच संथ ठेवलेला असतो. काटा मध्यावर आला तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीत. नाही आला तर टाकी उघडूच नका, आधी अर्थ आणि कपलर तपासा. काही जण दोन्ही वायरी थेट एकमेकींना टेकवतात. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर ते मी करणार नाही. रेझिस्टर काही रुपयांत मिळतो.

अर्थ खराब असल्याची एक खूण बिनपैशाची आहे. इंडिकेटर किंवा मागचे दिवे लावले की काटाही हलतो का, बघा. हलला तर दिवे आणि सेन्सर एकाच गंजक्या अर्थवर असण्याची शक्यता फार मोठी.

युनिट बाहेर काढलंच, तर दांडी हाताने अगदी सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवा. आकडे सलग बदलायला हवेत. मध्येच मल्टीमीटर 'अनंत' दाखवून परत आला तर त्या जागी पट्टी झिजली आहे किंवा कॉन्टॅक्ट काळा पडलाय. इथे जुना काट्याचा मल्टीमीटर डिजिटलपेक्षा सरस. उडी डोळ्याला लगेच दिसते. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडत होता, आणि पट्टी कदाचित निर्दोष असेल.

स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्राची, बाजू वेगळी आहे. सीटखाली हात घालायला नको, पेट्रोलचा वास नाही, पाच मिनिटांत कोड समोर. पी0462 म्हणजे सिग्नल फार कमी, पी0463 म्हणजे फार जास्त, पी0461 म्हणजे सिग्नल येतोय पण पातळीशी जुळत नाही, पी0464 म्हणजे अधूनमधून तुटतोय. पण सिग्नल का तुटतोय, हे तो सांगत नाही. तुटलेली वायर आणि तुटलेली पट्टी यांचा कोड एकच येऊ शकतो. त्याची खरी मदत लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणीच्या आकड्यांत होते: स्कॅनरवर टाकी किती टक्के भरली आहे ते बरोबर दिसतंय आणि काटा चुकतोय, तर संशय डॅशच्या मीटरवर. अडचण अशी की सगळ्याच गाड्या ही टक्केवारी स्कॅनरला देत नाहीत, आणि अनेक दुचाकींत सेन्सरची वायर थेट मीटरला जाते.

थेट बदलणं मला एकाच ठिकाणी पटतं: जुन्या दुचाकीत, जिथे युनिट स्वस्त आणि चार-पाच बोल्टवर बसवलेलं असतं. तिथेही कपलर आधी साफ करून बघा. कारमध्ये सेन्सर बहुधा पंपाच्या मॉड्यूलवरच असतो. काही गाड्यांत त्याचं झाकण मागच्या सीटखाली असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते, आणि सेन्सर सुटा मिळत नसेल तर चालू पंपासकट अख्खं मॉड्यूल विकत घ्यावं लागतं. इतका खर्च अंदाजावर करू नये.

म्हणून गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल किंवा टाकी उतरवावी लागणार असेल, तर स्कॅनर लावून घ्या आणि सोबत ओहमचे आकडे लिहून मागा. सीटखाली झाकण असेल आणि वायरिंगची थोडी सवय असेल, तर मल्टीमीटर घेऊन स्वतः बसा. मात्र टाकी उघडायची तर मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह काढून, जवळपास ठिणगी होईल असं काहीही न ठेवता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीत तळाशी साचते. हे जमणार नसेल तर तेवढं काम मेकॅनिककडूनच करून घ्या. झाकणाखालची रबरी रिंग पेट्रोलने फुगते आणि परत नीट बसत नाही, तेव्हा नवी आधीच आणून ठेवा.

तोवर टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि एका फुल टाकीत गाडी सरासरी जितकी जाते, त्याच्या दोन तृतीयांश अंतरावर पुन्हा भरा. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. कोरड्या टाकीवर तो जळू शकतो. डिझेल गाडी पूर्ण रिकामी झाली तर लाइनमध्ये हवा शिरते, आणि अनेक गाड्यांत ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.