सायकलसाठी रंगवलेला पट्टा की उंच ट्रॅक?

पुण्याचा सायकल आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला. आमच्या सोसायटीत मात्र 'नेमकं मागायचं काय' यावर अजून दोन तट आहेत.

खर्चात पट्टा जिंकतो, रातोरात रंगवून होतो. पण दोन पावसाळ्यांत पुसट. ट्रॅकसाठी गटारं, विजेचे खांब, झाडं सगळंच सांभाळावं लागतं.

सुरक्षिततेचं काय? पट्ट्यावर रिक्षा उभी असते, मग सायकल थेट बसच्या पुढ्यात. ट्रॅकवर बस येत नाही, पाणीपुरीची गाडी येते! शिवाय प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक तुटतो आणि चाक धप्पकन खाली.

आतल्या संथ रस्त्यांना पट्टा पुरे. बसच्या रस्त्यावर, शाळकरी मुलांसाठी ट्रॅकच. गल्लीपाशी सलग उतार असेल तरच.