शाळेला ‘बहुभाषिक ईमेल’ विकणाऱ्यापासून सावध

पूर्व नागपुरातील आमच्या शिक्षण संस्थेला एका विक्रेत्याने ‘बहुभाषिक ईमेल प्रणाली’ या नावाखाली जे विकले, त्यातील बहुतेक भाग मान्यताप्राप्त शाळांना विनामूल्य मिळतो. आणि जो थोडा भाग खरोखर पैशाचा होता, तो त्याने आमच्या पैशाने विकत घेऊन स्वतःच्या नावावर ठेवला. मी संस्थेचा सहसचिव म्हणून कार्यभार घेतला तेव्हा हे प्रकरण सुरू होऊन दोन वर्षे होत आली होती. त्या फाइलमधील कागद लावताना जे उघडकीस आले, ते इतर संस्थाचालकांच्या व मुख्याध्यापकांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे मराठी आणि हिंदी माध्यमाचे वर्ग एकाच आवारात भरतात आणि उर्दू माध्यमाची एक प्राथमिक शाळाही संस्थाच चालवते. शिक्षणाधिकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार मराठीत, बऱ्याच पालकांना सूचना हिंदीत, उर्दू शाळेच्या सूचना उर्दूत, अशी रोजची गरज आहे. त्यात कार्यालयातील लिपिक मराठी मजकूर श्रीलिपीत आणि हिंदी मजकूर कृतिदेवमध्ये टंकत असत, आणि तो ईमेलने पाठवला की पालकांच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसत असे. याचे कारण साधे आहे. हे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर मूळ इंग्रजी अक्षरेच उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून युनिकोडमधील मजकूर कोणत्याही फोनवर जसाच्या तसा वाचता येतो. विक्रेत्याने नेमकी ही अडचण हेरली.

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत तो सीताबर्डीतील आपल्या दुकानाचे माहितीपत्रक घेऊन आला. खरेदीसाठी तीन दरपत्रके लागतात हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून ‘तुमचा त्रास वाचवतो’ असे म्हणत तिन्ही दरपत्रके त्यानेच आणून दिली. तिन्हींची लेटरहेड वेगळी, पत्ते वेगळे, पण ‘वार्षिक’ या शब्दातील अशुद्धलेखनाची चूक तिन्हींत सारखी आणि कोष्टकांची आखणीही एकसारखी आहे. सर्वांत कमी दर अर्थातच त्याचा. कार्यकारिणीने नियमानुसार तो स्वीकारला, इतिवृत्तात ठराव झाला, आणि कागदोपत्री सर्व व्यवहार निर्दोष दिसू लागला.

बिलात ४५ खात्यांचे प्रत्येकी ९०० रुपये वार्षिक ‘परवाना शुल्क’, ‘मराठी-हिंदी-उर्दू भाषा मॉड्यूल’चे १५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण ६५,४९० रुपये होते. डोमेनचा, म्हणजे ईमेल पत्त्यात ‘@’ नंतर येणाऱ्या शाळेच्या नावाचा, वेगळा उल्लेख नव्हता; ते ‘मोफत भेट’ होते. फुकटाच्या या भेटीनेच पुढे आमचा गळा आवळला.

परवाना शुल्काचा उलगडा मुख्याध्यापिकाबाईंच्या जुन्या वैयक्तिक खात्यात झाला. विक्रेत्याने अर्ज करताना संपर्कासाठी त्यांचा पत्ता दिला होता, आणि तेथे गूगलचे एक इंग्रजी पत्र न उघडता पडलेले होते: शाळेची पात्रता तपासण्यात आली असून गूगलच्या शाळांसाठीच्या सेवेची ‘एज्युकेशन फंडामेंटल्स’ ही आवृत्ती मंजूर झाली आहे. ही आवृत्ती पात्र शाळांना विनाशुल्क दिली जाते, तिच्यात संस्थेला एकत्रित १०० टेराबाइट साठवण मिळते आणि खात्यामागे काहीही आकारले जात नाही. त्याने आमच्याकडून मान्यतेचे पत्र ‘नोंदणीसाठी’ म्हणून नेले, ते दाखवून विनामूल्य सेवा मिळवली आणि तीच आम्हाला खात्यांच्या हिशेबाने विकली. सेवा बसवून देण्याचे, खाती उघडण्याचे, शिक्षकांना शिकवण्याचे पैसे घेणे यात गैर काहीच नाही. तसे बिल त्याने दिले असते तर ही तक्रार उद्भवलीच नसती. गैर आहे ते न भरलेल्या परवान्याचे शुल्क वसूल करणे. मायक्रोसॉफ्टचीही ‘ए१’ नावाची वेबवरील आवृत्ती पात्र शाळांना विनामूल्य मिळते, आणि अगदी लहान शाळेला झोहो मेलची पाच वापरकर्त्यांपर्यंतची विनामूल्य योजनाही पुरू शकते. यांपैकी एकाही पर्यायाचा उल्लेख त्या तिन्ही दरपत्रकांत नाही.

भाषा मॉड्यूल हा तर निव्वळ देखावा होता. कार्यकारिणीसमोर त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर प्रात्यक्षिक केले, ज्यात सर्व बटणे मराठीत दिसत होती आणि आलेल्या पत्रावर पाठवणाऱ्याच्या जागी देवनागरीत ‘मुख्याध्यापक, प्राथमिक विभाग’ असे झळकत होते. हा ‘मराठी ईमेल पत्ता’ आहे असे त्याने सांगितले. प्रत्यक्षात ते पाठवणाऱ्याचे दर्शनी नाव होते. दर्शनी नाव कोणत्याही लिपीत लिहिता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही; त्यामागचा खरा पत्ता रोमन लिपीतच होता. बटणे मराठीत दिसणे ही जीमेलच्या सेटिंगमधील भाषानिवड आहे, आणि उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोयही तेथेच आहे. मॉड्यूलच्या नावाखाली त्याने कार्यालयातील दोन संगणकांत फाँटचा एक संच टाकला, जो पुन्हा जुन्याच पद्धतीचा होता. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून पंधरा हजार घेतले, तेच दुखणे बाटलीत भरून परत दिले. पालकांच्या फोनवर खिचडी दिसतच राहिली, आणि ‘पालकांनी फोन अपडेट करावेत’ हे त्याचे ठरलेले उत्तर होते.

देवनागरी पत्त्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण विक्रीच्या वेळी याच गोष्टीची भुरळ पाडली जाते. खरोखर देवनागरीत असलेला ईमेल पत्ता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये खुले झाले, आणि त्याच वर्षी जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय दिली. मात्र पत्र पाठवणारा आणि स्वीकारणारा अशा दोन्ही बाजूंच्या यंत्रणांना हे मानक समजावे लागते, आणि गूगलच्या सेवेत असा पत्ता नव्याने उघडून मिळत नाही. त्यामुळे गूगलची सेवा बसवून ‘मराठी पत्ता’ देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तो दर्शनी नावच विकत आहे असे समजावे. आम्हाला मराठी पत्त्याची गरजही नव्हती. मराठी मजकूर नीट पोहोचणे एवढीच गरज होती, आणि ती दोन्ही लिपिकांना युनिकोडमधील इनस्क्रिप्ट कळफलक शिकवून भागली असती. पुढे ती तशीच भागली.

आता डोमेनविषयी. पहिल्या नूतनीकरणाचे पैसे २०२४ मध्ये निमूटपणे दिले गेले. २०२५ मध्ये त्याने रक्कम जवळजवळ दुप्पट केली आणि संस्थेने खुलासा मागताच सर्व खात्यांचे पासवर्ड बदलले. वेळही त्याने अचूक साधली होती. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि त्याआधीच्या आठवड्यात प्रवेशाचा पत्रव्यवहार ऐन भरात असतो. ‘पैसे भरा, अर्ध्या तासात सुरू करतो’ एवढाच त्याचा निरोप होता.

गूगलकडे मुख्य प्रशासकाचे, म्हणजे बाकी सर्व खात्यांवर ताबा असलेले, खाते परत मागता येते, परंतु त्यासाठी डोमेनच्या नोंदींमध्ये त्यांनी सांगितलेली एक ओळ टाकून ते डोमेन आपले असल्याचे सिद्ध करावे लागते. ती ओळ टाकण्याचा अधिकार ज्याच्या नावावर डोमेन आहे त्यालाच असतो. आमच्या संगणक शिक्षकांनी डोमेनची सार्वजनिक नोंद काढून पाहिली, तेव्हा नोंदणीदार संस्थेच्या रकान्यात त्या दुकानाचे नाव निघाले. वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेरची वस्तू त्याने ‘भेट’ दिली होती ती याचसाठी. त्याची सारी पकड त्या एका रकान्यात होती; ईमेल सेवेवर त्याचा स्वतःचा हक्क काहीच नव्हता.

बिलावरील जीएसटी क्रमांकही मी तपासला. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकताच नोंदणीची सद्यस्थिती दिसते. येथे नोंदणी बिलाच्या तारखेपूर्वीच रद्द झालेली होती. म्हणजे ९,९९० रुपयांचा ‘कर’ही त्याच्याच खिशात गेला. हा पुरावा पुढे सर्वांत उपयोगी पडला, कारण तांत्रिक बाबींवर तो गोलमोल उत्तरे देऊ शकत होता. या कागदावर त्याला बोलायला जागा राहिली नाही.

पैसे द्यायचे नाहीत असे कार्यकारिणीने ठरवले. जुने डोमेन सोडून आम्ही ‘.edu.in’ (डॉट एज्यु डॉट इन) या शेपटाच्या नावासाठी अर्ज केला. अशी नावे केवळ शैक्षणिक संस्थांना आणि केवळ अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत मिळतात, त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवरील पत्र व मान्यतेची कागदपत्रे लागतात, आणि म्हणून एखाद्या दुकानदाराला ते नाव स्वतःच्या नावावर घेऊन ठेवणे सोपे नसते. नवे नाव मिळाल्यावर विनामूल्य शैक्षणिक आवृत्तीसाठी शाळेनेच पुन्हा अर्ज केला. मुख्य प्रशासकाची खाती आता दोन आहेत, एक मुख्याध्यापिकाबाईंकडे आणि एक सचिवांकडे, आणि दोन्हींचे पासवर्ड मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या कपाटात आहेत. दोन वर्षांची जुनी पत्रे मात्र हाती आलेली नाहीत.

तक्रारीच्या बाबतीत वकिलांनी तीन गोष्टी स्पष्ट केल्या. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक नुकत्याच खात्यातून गेलेल्या पैशांसाठी तातडीने उपयोगी असतो. आमची रक्कम धनादेशाने फार पूर्वी गेलेली असल्याने सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्जच योग्य होता. पहिला व्यवहार १ जुलै २०२४ पूर्वीचा असल्याने त्याला भारतीय दंड संहितेचे कलम ४२० आणि नंतरच्या प्रकारांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू शकते, म्हणून अर्जात तारखा वेगवेगळ्या मांडल्या. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली असल्याने तक्रारदार म्हणून तिला उभे राहता आले. केवळ विश्वस्त न्यास असलेल्या शाळांनी हा मुद्दा आधी वकिलाकडून तपासून घ्यावा.

ज्यांच्या शाळेत अशी प्रणाली आधीच बसवलेली आहे, त्यांनी नूतनीकरणाची वाट न पाहता आजच आपल्या डोमेनची सार्वजनिक नोंद काढावी आणि मुख्य प्रशासकाचे खाते कोणाच्या हातात आहे ते विचारावे. विक्रेता सरळ असेल तर नोंदणी शाळेच्या नावावर करून द्यायला त्याला काहीच अडचण नसते. नव्याने घेणाऱ्यांनी दरपत्रके स्वतः मागवावीत आणि प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या लॅपटॉपवर न पाहता एखाद्या पालकाच्या साध्या फोनवर मराठी, हिंदी व उर्दूतील एकेक पत्र मागवून पाहावे.

जुने डोमेन अद्याप त्याच्याच नावावर आहे. त्या पत्त्यावर एखाद्या कार्यालयाने किंवा पालकाने आजही पत्र पाठवले तर ते त्याच्या हाती पडू शकते, आणि त्या पत्त्यावरून शाळेच्या नावाने शुल्काची मागणीही जाऊ शकते. म्हणून आम्ही पत्ता बदलल्याची सूचना जावक क्रमांक टाकून सर्व संबंधित कार्यालयांना दिली आहे, फलकावर लावली आहे, आणि विद्यार्थ्यांच्या दैनंदिनीत तीनही भाषांत छापून घेतली आहे.