चावी अडली तेव्हाच उठायला हवं होतं

एका जुन्या घड्याळापायी गेलेले ३८,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी अजून २२,०००च सांगितलेत.

असले प्रकार फक्त नवख्यांच्या बाबतीत घडतात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: मी अकरा वर्षं जुनी घड्याळं जमवतोय. कंपनीने जन्मात काढली नाही अशी पोपटी तबकडी लावलेली एचएमटी जनता मी लांबूनच ओळखतो. तरीही फसलो.

मोबाइलवर जाहिरात होती. ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक, स्टीलची केस, ‘आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत पणजीत घेतलेलं’. गोव्यात ही गोष्ट चटकन पटते. १९६१ पूर्वी भारतात आयातीवर बंधनं होती, इथे मात्र परदेशी माल मिळायचा, आणि तेव्हाची स्विस घड्याळं अजून कित्येक घरांत कपाटाच्या खणात पडून आहेत. सोबत मशीनचा फोटो: तांबूस रंग, वर रोटर (हात हलला की फिरून आपोआप चावी देणारा भाग), नंबर ५५२. त्या घड्याळाला शोभणारंच मशीन. मी रात्रभर तो फोटो मोठा करकरून बघितला. ५,००० ‘बुकिंग’ म्हणून यूपीआयने लगेच पाठवले.

शुक्रवारी म्हापशाला भेटलो. बाजाराचा दिवस, बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसायला जागा नाही. “पात्रांव, हें म्हज्या शापायचें,” म्हणजे माझ्या आजोबांचं, म्हणत त्याने रुमालातून घड्याळ काढलं. मी चावी दिली. पंचवीस-तीस वेढे झाले, चावी जड होत गेली आणि अडली.

आणि मला बरं वाटलं. लिहायलाही लाज वाटते, पण बरं वाटलं! वडील रोज सकाळी चहाआधी जनताला चावी द्यायचे, ती अशीच अडायची. त्या अंगठ्याच्या आठवणीने माझी अक्कल झाकली. अहो, ऑटोमॅटिकची चावी अडत नाही. स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं टोक आत घसरतं, मग कितीही फिरवा. अडली म्हणजे आत साधं हातचावीचं मशीन. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय, फोटोत रोटर आहे, आणि माझ्या बोटांत ते अडलेलं. घड्याळ हलवलं की आत रोटर फिरल्याचं हाताला कळतं, तेही कळलं नव्हतं. मी बसच्या हॉर्नवर ढकललं.

झाकण उघडूया का, असं मी विचारलं होतं, हे माझ्या बाजूने लिहून ठेवा. तो म्हणाला, पावसाळी हवा, ओल आत जाईल, आजोबा गेल्यापासून कुणी उघडलेलं नाही. मग आतला फोटो काढला कुणी? हा प्रश्न मला रात्री अडीच वाजता घरी सुचला. तोवर ३३,५०० रोख देऊन झाले होते.

चार दिवसांनी आमच्या डिचोलीतल्या घड्याळवाल्याने झाकण काढलं, भिंग लावलं आणि काहीच न बोलता भिंग माझ्याकडे दिलं. आत पांढरं मशीन. बॅलन्स व्हीलपाशी बारीक अक्षरांत एफएचएफ, म्हणजे मशीन बनवणारी दुसरीच स्विस कंपनी. एसटी ९६, सतरा ज्वेल. मशीन वाईट नाही, त्या काळी किती तरी कंपन्या ते वापरायच्या. पण ओमेगाचं नव्हे. केस नि मशीनमधली फट भरायला प्लास्टिकची कडी, तबकडीचे पाय (मशीनमध्ये बसणाऱ्या मागच्या खुंट्या) कापून ती गोंदाने चिकटवलेली. घड्याळवाल्याचे ३०० रुपये वेगळे.

काच, चावीचा गोंडा, स्प्रिंग बदललेली असणं वेगळं. साठ वर्षांत ते होणारच. मशीनच दुसरं असणं म्हणजे नाव एकाचं नि हृदय दुसऱ्याचं. म्हणून झाकण तुमच्यासमोर, तुमच्या माणसाकडून, पैसे देण्याआधी उघडा. सेइको या जपानी कंपनीचं असेल तर मागच्या झाकणावरच्या मॉडेल नंबरचे पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर. आत तोच नंबर दिसला पाहिजे. जुन्या ओमेगात मशीनवर कंपनीचं नाव, कॅलिबर (मशीनच्या प्रकाराचा नंबर, जसा ५५२) आणि सिरियल नंबर असतो. प्लास्टिकची कडी दिसली की चहाचे पैसे देऊन उठा.

आणि मला हसू नका. २०२१ साली जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचंच एक जुनं स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कळलं की ते इकडचे-तिकडचे भाग जोडून बनवलेलं होतं. मग मी कोण?

आता पोलीस. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, “चालतंय की! मग फसवणूक कसली?” मी ‘चारशेवीस’ म्हणालो, तर १ जुलै २०२४ पासून ते ३१८ झालं, हे मला ऐकवण्यात आलं. कलम ठाऊक आहे, लावायचं मात्र नाही. मग ‘१९३०ला फोन करा’. तो नंबर ऑनलाइन फसवणुकीचा, नि माझे ३३,५०० रोख गेले, हे तीनदा सांगितलं. माझा पत्ता डिचोलीचा, व्यवहार म्हापशाचा, म्हणून तिकडे जा; तिकडे गेलो तर पैसे डिचोलीतून पाठवलेत, म्हणून इकडे जा. बँकेत सांगितलं, ५,००० तुम्ही स्वतःच पिन टाकून पाठवलेत. ग्राहक तक्रारीचं बघावं तर विकणारा दुकानदार नाही, बिल नाही. म्हणून सांगतो, रोख देऊ नका. निदान ‘मूळ मशीनसह’ असे दोन शब्द व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. माझ्याकडे त्याचा व्हॉट्सअॅपवरचा एक अंगठ्याचा इमोजी आहे, बस्स.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच तांबूस फोटो, नंबर ५५२, फक्त ‘आजोबां’ऐवजी ‘मामा’ आणि किंमत ४१,०००. स्क्रीनशॉटची प्रत काढून सकाळी स्टेशनवर नेली. साहेब रजेवर, सोमवारी या.