पार्टिशन केलेली टेबलं दुसऱ्या सर्व्हरवर: फिजिकल की लॉजिकल रेप्लिकेशन?

दूध संकलनाचा डेटा पार्टिशनिंगला, म्हणजे मोठं टेबल तुकड्यांत विभागायला, अगदी सोयीचा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उत्पादकाची नोंद, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून इतर घनपदार्थ), दर, आणि दर दहा दिवसांनी बिल. महिन्याला एक पार्टिशन ठेवलं की बिलाची क्वेरी एकाच पार्टिशनात उरकते.

दुसरा सर्व्हर मात्र कोल्हापुरात हौसेचा विषय नाही. २०१९ च्या ऑगस्टात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत. तरीही दुसरा सर्व्हर त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ठेवणारे मी पाहिलेत. पाणी तिथवर चढत नाही हे खरं, पण वीज जाते तेव्हा दोन्ही मजल्यांची जाते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रेप्लिकेशनच्या, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची प्रत चालू ठेवायच्या, वाटा दोन. फिजिकल स्ट्रीमिंग २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे. प्रायमरीचा (मुख्य सर्व्हरचा) वॉल, म्हणजे बदलांची नोंद, जसाच्या तसा स्टँडबायवर (दुसऱ्या सर्व्हरवर) जातो, त्यामुळं नवं पार्टिशन, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), डिटॅच (पार्टिशन सुटं करणं), ड्रॉप (टेबल काढून टाकणं) सगळं आपोआप पोचतं. पार्टिशनचा वेगळा विचारच करावा लागत नाही. त्या बदल्यात अख्खा क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) न्यावा लागतो, दोन्हीकडं मेजर आवृत्ती एकच लागते, आणि स्टँडबायवर फक्त वाचता येतं. रिपोर्टसाठी एखादा जादा इंडेक्ससुद्धा टाकता येत नाही. लांबलचक रिपोर्ट व्हॅक्यूमच्या (जुन्या ओळींच्या साफसफाईच्या) आड आला तर मूळ सेटिंगप्रमाणं स्टँडबाय ३० सेकंद थांबतो आणि क्वेरी रद्द करतो. चुकून मारलेला ड्रॉपही तितक्याच तत्परतेनं पोचतो, तेव्हा याला बॅकअप समजू नका.

लॉजिकल रेप्लिकेशन २०१७ च्या १० व्या आवृत्तीत आलं, पण पार्टिशन केलेलं मुख्य टेबल थेट पब्लिकेशनमध्ये (पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घालायची सोय २०२० च्या १३ पासूनची. इथं ओळींचे बदल जातात. हवी तेवढीच टेबलं निवडता येतात, पलीकडं आवृत्ती वेगळी चालते, इंडेक्स आपले आपण ठेवता येतात. अपडेट-डिलीट जाण्यासाठी साधारणपणे प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारे कॉलम) लागते, आणि पार्टिशन केलेल्या टेबलात तिच्यात तारखेचा कॉलम घ्यावाच लागतो. डीडीएल, म्हणजे टेबलांची रचना बदलणाऱ्या आज्ञा, जात नाही. १८ व्या आवृत्तीपर्यंत तरी सिक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडेही जात नाहीत; ऐन पुरात दुसरा सर्व्हर पुढं केला की बिल नंबर जुन्यावरच घसरतो.

खरी गोम नव्या महिन्यात. एका डेअरीच्या कामात मी हे भोगलंय. प्रायमरीवर क्रॉननं (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रामनं) १ तारखेचं पार्टिशन केलं, पलीकडं कुणी केलंच नाही. ओळ कुठं टाकायची हे न कळून अप्लाय वर्कर (पलीकडं बदल लावणारा प्रोसेस) तिथंच अडकला, पुन्हा पुन्हा तीच चूक. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही प्रायमरीची डिस्क भरत आल्यावर, कारण स्लॉट (पलीकडं कुठवर पोचलं याची प्रायमरीवरची खूण) वॉल सोडत नव्हता. १३ पासून त्याला मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होतो आणि नवी कॉपी घ्यावी लागते.

पब्लिकेशनचं 'पब्लिश व्हाया पार्टिशन रूट' हे सेटिंग (बदल मुख्य टेबलाच्या नावानं पाठवणं) चालू असेल तर पलीकडं पार्टिशनची रचना वेगळी ठेवता येते, किंवा नाहीच ठेवली तरी चालतं. बंद असेल तर प्रत्येक पार्टिशन आपल्या नावानं जातं. मग पलीकडं त्याच नावाचं टेबल हवं आणि सबस्क्रिप्शन (पब्लिकेशन घेणारी पलीकडची जोडणी) रिफ्रेश करायला हवं. टेबल आहे पण रिफ्रेश विसरलात तर ना एरर, ना डेटा. मला अडकलेला वर्कर परवडला.

पण डीडीएल न जाणं कधी पथ्यावरही पडतं. प्रायमरीवर दोन वर्षं ठेवून जुनी पार्टिशनं डिटॅच करा, दुसरीकडं सगळा इतिहास राहतो. फक्त डिलीटनं साफसफाई करू नका, ते पलीकडंही जातं.

दोन्ही वाटा मुळात असिंक्रोनस, म्हणजे पलीकडं पोचायची वाट न पाहणाऱ्या. सिंक्रोनस केलं आणि लाइन तुटली तर कमिट अडकतं, आणि संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभी असलेली माणसं ताटकळतात.

पुरात संकलन चालू राहावं एवढंच हवं असेल तर मी फिजिकल घेईन, दुसरा सर्व्हर पूररेषेबाहेर. लेखापरीक्षणाला जुना इतिहास आणि जड रिपोर्ट हवे असतील तर लॉजिकल. तसं असेल तर पुढच्या तीन महिन्यांची पार्टिशनं आधीच करून ठेवा, तीही पहिल्यांदा दुसऱ्या सर्व्हरवर आणि मग प्रायमरीवर.