थेट छोट्या विमानतळावर उतरावं, की मोठ्यावर उतरून पुढे रस्त्याने जावं?

मुक्कामाला लागून असलेला छोटा विमानतळ, की तीन-चार तास अलीकडचा मोठा? दोन्ही वाटांनी मी पुष्कळदा गेलोय. वेळेचा हिशेब छोट्याच्या बाजूने आहे, यात वाद नाही. उतरल्यावर दहा मिनिटांत माणूस बाहेर. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानांना काहीजण बिचकतात, पण आखूड धावपट्टीवर ती मजेत उतरतात आणि मला त्यांत कधी भीती वाटली नाही.

माझं मत फिरलं ते घिरट्यांमुळे. एका पावसाळ्यात मुक्कामाच्या डोक्यावर आम्ही पाऊण तास फिरत होतो. दोनदा खाली आलो, दोनदा धावपट्टी दिसली नाही म्हणून पुन्हा वर. शेवटी विमान नेलं ते त्याच मोठ्या विमानतळावर, जो मी टाळला होता. रात्री अकराला टॅक्सी शोधत उभा होतो. पुढे हिवाळ्यात धुक्यामुळे पुन्हा तेच. कारण साधं: त्या छोट्या विमानतळावर आयएलएस नाही, म्हणजे रेडिओ-संकेतांनी विमानाला धावपट्टीची रेषा आणि उताराची दिशा दाखवणारी यंत्रणा. आयएलएसच्या साध्यातल्या साध्या प्रकारावर, म्हणजे कॅट-१ वर, वैमानिक २०० फुटांपर्यंत खाली येऊन धावपट्टी दिसते का ते पाहू शकतो. ती सोय नसेल तर सहसा बरंच वर असतानाच माघार घ्यावी लागते.

वैमानिकाने केलं ते योग्यच होतं. पण त्या पाऊण तासात आम्ही सगळे, मीसुद्धा, मनात म्हणत होतो, ‘आता उतरवा एकदाचं.’ ती घाई मला नंतर फार खुपली. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पहिला प्रयत्न सोडून विमान दुसऱ्या बाजूने आलं. पाऊस, पाठीमागून वारा, आणि २,७०० मीटरची धावपट्टी जवळजवळ निम्मी सरल्यावर चाकं टेकली. २१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण आपल्यालाच करता यावं म्हणून तिथेच उतरण्याची कॅप्टनची ओढ होती, असं चौकशी अहवालात आहे. २०१० मध्ये मंगळूरला सहवैमानिक ‘गो अराउंड’ (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हणत असतानाही उतरणं थांबलं नाही. १५८ जण गेले. कोझिकोड आणि मंगळूर, दोन्हीकडे आयएलएस होती, पण दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावर, टोकापुढे उतारच. २०२४ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या मुआनला धावपट्टीपुढच्या काँक्रीटच्या बांधकामावर विमान आदळलं आणि १७९ जण गेले. छोट्या किंवा अडचणीच्या जागी चूक पोटात घालायला पुढे जमीन कमी असते, असं मला वाटतं.

अर्थात, मोठ्या विमानतळावरून पुढचा रस्ता काही सुरक्षित नाही. किलोमीटरमागे पाहिलं तर विमानापेक्षा मोटार कितीतरी जास्त धोक्याची. म्हणून रात्रीचा प्रवास मी टाळतो, आणि रेल्वे असेल तर तीच धरतो. ही वाट निवडायची तर एवढं पथ्य पाळाच.

कोरड्या ऋतूत, दुपारचं उड्डाण, आणि दुसऱ्या दिवशी पोचलं तरी चालणार असेल, तर छोट्यावर जरूर जा. तिकीट काढण्याआधी तिथे आयएलएस आहे का आणि ती दिवसातली शेवटची फेरी तर नाही ना, हे मात्र बघा. सकाळी कुणाचं ऑपरेशन किंवा परीक्षा असेल तर मी आदल्या दिवशी मोठ्या विमानतळावर उतरतो. गेल्या पावसाळ्यात तर एकदाही छोट्याचं तिकीट काढलं नाही.