1 टीबीचे पैसे घेतले आणि 500 जीबीची डिस्क माथी मारली

रावेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. केळी पीक विम्याचे अर्ज, सातबारे, आधार-पासबुकाचे स्कॅन, सगळं एकाच 500 जीबीच्या हार्ड डिस्कवर. ती भरली म्हणून जळगावच्या एका दुकानदाराकडे पीसी नेला. 1 टीबीच्या नव्या डिस्कचे 4,600, क्लोनिंगचे (जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवण्याचे) 800, जुनी डिस्क त्याने ठेवून घेतली त्याचे 300 वजा. रोख 5,100 रुपये मोजले. मिळाली वापरलेली 500 जीबीची डिस्क, वरचं लेबल तेवढं 1 टीबीचं!

सी ड्राइव्ह जुन्याइतकाच दिसला तेव्हा मी तिथल्या तिथे विचारलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, क्लोन केल्यावर पार्टिशन जुन्याच मापाचं येतं, बाकीची जागा मागून जोडता येते." आता हे खोटं नाही. क्लोनमध्ये तसंच होतं, उरलेली जागा अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न जोडलेली, पडून राहते. खऱ्या गोष्टीच्या आडून फसवल्यावर कोण ओळखणार? पण त्याच क्षणी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडायला लावायचं होतं, त्यात डिस्कची खरी जागा दिसते. 1 टीबीला तिथे 931 जीबी दिसतात. घरी उघडलं तर 465, आणि मोकळ्या जागेचा काळा पट्टा नाहीच. काही सेकंदांचं काम होतं! आठवलं की अजून डोकं भणभणतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क किती चालली ते दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, तर डिस्क 27,000 तास चाललेली. म्हणजे तीन वर्षं रात्रंदिवस!

दुकानदार म्हणतो, ही डिस्क आमची नाहीच. पावतीवर सिरीयल नंबर नाही. नंबर टाकलेलं पक्कं बिल हातात पडल्याशिवाय पैसे काढू नका.

पोलीस ठाण्यात अर्जच घेईनात. म्हणे 1930 ला फोन करा. अहो, तो नंबर ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, मी काउंटरवर डिस्क घेतली! मग म्हणे ग्राहक आयोगात जा. जाणारच आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीही लागत नाही. पण त्याच्याकडच्या जुन्या डिस्कवर शेतकऱ्यांची कागदपत्रं आहेत, ती आज कोण जप्त करणार? तर साहेब म्हणतात, "पाच हजारांसाठी कशाला डोकं लावता?" पाच हजार गेले खड्ड्यात, लोकांचे आधार गेलेत!

जुनी डिस्क भंगारातसुद्धा देऊ नका. "फॉरमॅट केली" म्हटलं तरी डेटा परत काढता येतो. क्लोनिंग समोर बसून करून घ्या.

माझ्याकडे फॉर्म भरलेल्यांनी आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा, काही अर्जांवर अंगठ्याचे ठसे आहेत. ज्यांना जमत नसेल त्यांनी दुकानावर या, एक पैसा न घेता करून देतो.