चार जणांनी टाइप केलेलं स्टाफ नोटेशन जोडायचंय: एबीसी घ्यावं की लिलीपॉंड?

कॉयरसाठी चार आवाजांची प्रत करायची असली की टायपिंग वाटून घेतलं जातं. सोप्रानो (सगळ्यात वरचा आवाज) एकाकडे, आल्टो (त्याखालचा) दुसऱ्याकडे. एबीसी आणि लिलीपॉंड या दोन्हींत स्वर साध्या अक्षरांत टाइप करतात आणि त्यावरून संगणक पाच रेघांचं स्टाफ नोटेशन तयार करतो. खरी कसोटी लागते ती त्या चार फाइली एकत्र आणताना. म्हणून छापील पान किती देखणं येईल यापेक्षा जोडताना झालेली चूक कुठे सापडते, हे मी आधी बघतो.

एबीसी एका संध्याकाळी शिकता येतं. ‘के’ ओळीत, म्हणजे पट्टीच्या (की) ओळीत, डी मेजर लिहिलं की पुढचा नुसता एफ म्हणजे एफ शार्पच (अर्ध्या स्वराने चढा एफ). एकट्या चालीला हे फार सोयीचं. जोडताना मात्र चौघांच्या ‘के’ आणि ‘एल’ (स्वराची मूळ लांबी) ओळी जुळायलाच हव्यात. एका मांडोच्या (गोव्याचं कोकणी गीत) वेळी मला हे भोवलं. ताल 6/4. सोप्रानोच्या फाइलीत ‘एल’ 1/8, आल्टोच्या फाइलीत 1/4. मी सोप्रानोच्या वरच्या ओळी ठेवल्या, बाकीच्यांच्या उडवल्या आणि आल्टोचा प्रत्येक स्वर निम्म्या लांबीचा झाला! शिवाय एबीसीच्या 2011 च्या 2.1 प्रमाणानुसार बाहेरून ओढून घेतलेल्या फाइलीत स्वर चालत नाहीत. फक्त माहितीच्या ओळी, मांडणीच्या सूचना आणि शेरे चालतात. म्हणजे आवाज एकाखाली एक चिकटवायचं काम आपल्याच गळ्यात.

लिलीपॉंडमध्ये प्रत्येक आवाज वेगळ्या फाइलीत, स्वतःच्या नावाने राहतो आणि मुख्य फाइल ‘इन्क्लूड’ने त्याला बोलावते. आल्टोत दुरुस्ती झाली तर तेवढीच फाइल बदलायची. स्वर पूर्ण लिहावा लागतो. डी मेजर असलं तरी एफ शार्प म्हणजे एफ शार्पच टाइप करायचा. हात दुखतो, पण ‘की’ची ओळ चुकली तरी स्वर बदलत नाहीत. सगळ्यात मोठा आधार उभ्या रेघेचा. प्रत्येक बारच्या (तालाच्या एका मापाच्या) शेवटी ती घातली की बार कमी-जास्त भरला असल्यास प्रोग्राम फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक सांगतो. एबीसीतली रेघ नुसती बारची रेघ असते, ही खरी तपासणी असते.

सापळे इथेही आहेत. फाइलीतल्या पहिल्या स्वराला कालमान लिहिलं नाही, तर आधी वाचलेल्या फाइलीतलं शेवटचं कालमान त्याला चिकटतं. कुणी स्वरनावांची जर्मन पद्धत वापरली, तर त्याच्या ‘बी’चा अर्थ बी फ्लॅट होतो.

हमड्रम या संगीत-विश्लेषणाच्या साधनसंचातली ‘कर्न’ ही लेखनपद्धत मात्र वेगळ्याच घाटाची: एक आवाज म्हणजे एक स्तंभ, मध्ये टॅब. संगीताचं विश्लेषण करायचं असेल तर ती घ्या, निव्वळ कॉयरच्या प्रतीसाठी नको.

पन्नास एकेरी चालींची वही करायची असेल तर डोळे झाकून एबीसी. चार आवाज आणि टाइप करणारे अनेक असतील तर लिलीपॉंडच. त्यात गाण्याचे शब्दही स्वरांपासून वेगळे ठेवता येतात. गोव्यात कोकणी मांडो कुणी रोमीत (रोमन लिपीत) वाचतं, कुणी देवनागरीत. स्वरांना हात न लावता शब्दांची फाइल बदलली की दुसरी प्रत तयार.